लिनक्सची चाचणी आवृत्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भामरागडमध्ये लॅपटॉप बिघडला तर दुरुस्तीसाठी गडचिरोली गाठायला दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तो रस्ताही बंद. अशा ठिकाणी दोष यंत्रात आहे की प्रणालीत, हे जागेवरच ओळखता आलं पाहिजे. लिनक्सची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी तर ते शिकूनच घ्यावं.

गैरसमज : नवी आवृत्ती म्हणजे जास्त चांगली.
वस्तुस्थिती : चाचणी आवृत्ती दोष सापडावेत म्हणूनच खुली केलेली असते. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं आणि काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. सुरक्षेच्या दुरुस्त्याही बहुधा याच वाटेने येतात, त्यामुळे त्यांना उशीर होऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कामाच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच हवी. उबंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. चाचणीसाठी वेगळं यंत्र ठेवावं.

गैरसमज : अपडेटनंतर वायफाय बंद पडलं, म्हणजे कार्ड जळालं.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा कार्ड शाबूत असतं. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झालेला नसतो किंवा फर्मवेअर मिळालेलं नसतं. डेबियन आणि उबंटू नवं कर्नल बसवताना आधीचं लगेच काढून टाकत नाहीत. यंत्र सुरू होताना ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि जुनं कर्नल निवडा. वायफाय चाललं, तर नवा भाग विकत घेण्याची गरज नाही. त्यावरही चाललं नाही, तर पूर्वी याच यंत्रावर चाललेल्या आवृत्तीच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर तपासा. तिथेही बंद असेल, तरच कार्डावर संशय घ्यावा.

गैरसमज : अपडेट चालू असताना लाइट गेली, आता सगळं पुन्हा टाकावं लागणार.
वस्तुस्थिती : अर्धवट राहिलेलं काम बहुधा पूर्ण करता येतं. आधी ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ पर्याय देऊन अडकलेली पॅकेजं मार्गी लावा, मग ‘एपीटी’ला तुटलेली जुळणी दुरुस्त करायला सांगा. रेंज जाऊन डाउनलोड तुटलं, तरी एपीटी साधारणपणे राहिलेल्या भागापासून पुढे उतरवतं आणि खराब उतरलेलं पॅकेज तपासणीत नाकारतं. तरीही बॅटरी भरलेली असल्याशिवाय मोठं अपडेट सुरू करू नये.

गैरसमज : अपडेटने विचारलं की ‘होय’ म्हणायचं.
वस्तुस्थिती : आधी ‘काढली जाणारी पॅकेजं’ ही यादी वाचा. चाचणी आवृत्तीत काही पॅकेजं पुढे गेलेली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मागे राहिलेली असतात. अशा वेळी अख्खा डेस्कटॉपसुद्धा काढण्याच्या यादीत येऊ शकतो. तो दिसला तर ‘नाही’ म्हणा आणि काही दिवस थांबा.

गैरसमज : मे महिन्यात यंत्र मंदावलं, तो अपडेटचाच दोष.
वस्तुस्थिती : चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ‘सेन्सर्स’ आज्ञेने तापमान पाहा, पंख्यातली धूळ काढा आणि पहाटेच्या गारव्यात पुन्हा तपासा.

गैरसमज : जुन्या संगणकावर कुठलंही लिनक्स चालतं.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही. अशा यंत्रांनी डेबियन १२ वरच थांबावं.

गैरसमज : दोष कळवून काय होणार?
वस्तुस्थिती : दोष कळवण्यासाठीच तर ही आवृत्ती असते. ‘चालत नाही’ एवढं लिहून मात्र भागत नाही. यंत्राचं मॉडेल, चाललेलं आणि बिघडलेलं अशा दोन्ही कर्नलचे क्रमांक आणि ‘जर्नलसीटीएल’मधल्या त्या वेळच्या नोंदी द्या. डेबियनसाठी ‘रिपोर्टबग’, उबंटूसाठी ‘उबंटू-बग’ हे काम सोपं करतं. सी-डॅकची बॉस प्रणालीही डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे डेबियनमधली दुरुस्ती पुढे तिच्यापर्यंतही पोहोचू शकते. वारंवार जाणारी वीज, तुटक रेंज, कडक ऊन आणि जुनी यंत्रं या परिस्थितीत प्रणाली कशी वागते, हे एटापल्ली-सिरोंच्यातला वापरणारा रोज पाहतो. त्याने ते नेमकं लिहून कळवलं, तरच पुढची आवृत्ती इथल्या परिस्थितीत टिकेल अशी होईल.