चिकाचा काय गुन्हा?
(अंगावरचं दूध : लेखांक ६)

आज वेगळाच विषय सांगायचा ठरला होता. तो पुढच्या आठवड्यात. मधेच सालेकसा तालुक्यातल्या एका आशाताईंचा फोन आला, आणि आता आधी त्यांचंच बोलायला हवं.

त्यांनी मागचा लेख एका घरी वाचून दाखवला. दिवस भरत आलेली सून, बाजूला सासूबाई. आईच्या दुधात जंतू असतात, हे ऐकताच सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होती ना, पहिलं दूध पिळून फेकाच लागते!"

चूक माझ्या शब्दाची. जंतू म्हटलं की आपल्याला गढूळ पाणी आठवतं, चिघळलेली जखम आठवते, नाहीतर पोटातले जंत. यापुढे जिवाणूच म्हणेन. पण नुसता शब्द बदलून चीक, म्हणजे हे पहिलं दूध, वाचणार नाही, म्हणून हा आठवडा चिकासाठी.

गाय व्याली की तिच्या चिकाची शेजारीपाजारी वाट बघतात. त्याचा खरवस करून आपण वाटी चाटूनपुसून खातो. बाईचा चीक मात्र पिवळा, चिकट, जेमतेम चमचाभर, म्हणून तो 'साचलेला' ठरतो. तो मातीत जातो आणि बाळाच्या जिभेवर मध नाहीतर गुळाचं पाणी. खरं तर तो पिवळेपणा गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनचा. दाटपणा प्रथिनांचा, त्यातही रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा. आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतं तरी किती? चमचा-दीड चमचा.

आता जिवाणू. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला आंबूस वास येतो, हे घरातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असतं. हा आंबूसपणा कशाचा, हे कळण्याची वाट १८९९ साली उघडली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये दुफाटा असलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे जिवाणू सापडले. तेच बिफिडोबॅक्टेरियम. ते आतड्यात आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट जागेत जुलाबाच्या बऱ्याच जिवाणूंना पाय रोवता येत नाही. आपल्या विरजणाचीच ही रीत : ताक चांगलं आंबलं की त्यात दुसरं काही सहजी वाढत नाही.

आईच्या दुधातूनही येणाऱ्या या जिवाणूंना बाळाच्या पोटात खायला काय मिळतं? माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट ही आहे. आईच्या दुधात दीडशेहून जास्त प्रकारच्या लांब साखळीच्या शर्करा असतात. पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल दुधात त्याच. बाळाला त्या पचत नाहीत. बिफिडोबॅक्टेरियम मात्र त्यांच्यावर पोसतात. नंतरच्या दुधात त्या लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, चिकात २० ग्रॅमच्याही वर. म्हणजे चीक टाकला की विरजणही जातं आणि विरजणाचं खाणंही.

सुनेनंही आशाताईंना विचारलं, "मग दूध उकळून पाजायचं का?" नाही. आपल्या बाळाला आपलं दूध जसं येतं तसंच. तापवतात ते दूध बँकेत. आशियातली पहिली दूध बँक मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ला सुरू केली. दूध दुसऱ्या आईचं आणि पिणारं बाळ अशक्त, म्हणून ते ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवतात. त्यात जिवाणू मरतात, चांगलेही. पण त्या लांब साखळीच्या शर्करा टिकून राहतात. स्वतःच्या आईचं दूध नसेल, तर असं दूध हाच उत्तम पर्याय.

मधाचंही सांगून टाकतो. त्यात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते रुजतात. वर्षाच्या आत मध नको म्हणजे नकोच.

आशाताई, हा लेख त्या घरी पुन्हा वाचा, आणि या वेळी सासूबाईंना समोर बसवून. सुनेचं बाळंतपण जिल्ह्याच्या ठिकाणच्या बाई गंगाबाई रुग्णालयात होवो की गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, त्या वेळी शेजारी त्याच असतील. बाळ पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं, चिकाचा थेंबही टाकायचा नाही, आणि पुढे सहा महिने मध, गुळपाणी, गुटी, साधं पाणीसुद्धा नाही.