धर्माच्या रकान्याबाहेर

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्राणी आणि अक्कलकुवा ह्या सातपुड्याच्या तालुक्यांत, जनगणनेचा प्रगणक भिल्ल किंवा पावरा कुटुंबाच्या दारात उभा राहून धर्म विचारतो, तेव्हा त्या एका रकान्यात शंभराहून अधिक वर्षांचा सरकारदरबारचा गोंधळ साठलेला असतो. 2011 च्या गणनेप्रमाणे जिल्ह्याची वस्ती 16 लाख 48 हजार असून तीत शेकडा 69 लोक अनुसूचित जमातींचे आहेत. ह्याच लोकांच्या पूर्वजांसाठी इंग्रजी अमलाने 1901 साली ‘सर्वात्मवादी’ अशा अर्थाचा शब्द योजला, 1931 साली ‘जमातीचा धर्म’ असा रकाना काढला, आणि 1951 पासून तो रकाना दफ्तरातून निघूनच गेला. समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये ह्यांनी 1943 साली त्यांना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले. ठरावीक धर्माच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसाला काय म्हणावे, ह्याचे उत्तर त्या माणसाला न विचारता शोधण्याची ही रीत मला अन्यायाची वाटते.

ह्याच डोंगरी मुलखातल्या काठी गावच्या राजवाडी होळीपूर्वी जे पुरुष बावा, बुध्या किंवा मोरखी अशी नाचाची रूपे घेतात ते ‘पालनी’ नावाचे व्रत पाळतात. त्या दिवसांत खाटेवर निजत नाहीत, संयमाने राहतात, आणि मग अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप अशा वेषात रात्रभर नाचून पहाटे होळी पेटलेली पाहतात. ह्या आचाराला पोथीचा आधार लागत नाही. वाघदेव, गावदेव, याहा मोगी ह्यांना मानणाऱ्या ह्या माणसाची श्रद्धा शेतापासून, रानापासून वेगळी काढताच येत नाही. म्हणून छापील धर्मांच्या यादीत तो सापडला नाही तरी त्याला ‘निधर्मी’ म्हणणे ही शुद्ध चूक होय.

खरोखर धर्म न मानणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि तेथे आपली भाषा मोठी श्रीमंत असूनही बेफिकीरपणे वापरली जाते. ‘नास्तिक’ हा शब्द परंपरेने वेदांचे प्रामाण्य नाकारणाऱ्याला लावला. त्यामुळे जैन व बौद्ध दर्शने नास्तिक ठरली, तर निरीश्वर सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीत सुखाने बसले. आज आपण तो केवळ देव न मानणाऱ्यास लावतो, आणि बोलण्यात त्याला दुष्टपणाची छटाही चिकटवतो, ही त्याहून वाईट गोष्ट. देव आहे की नाही हे माणसाला कळणे शक्य नाही असे म्हणणारा ‘अज्ञेयवादी’. ही भूमिका इंग्रज शास्त्रज्ञ हक्स्लेने 1869 साली नाव देऊन रूढ केली. परलोकाचा हिशेब बाजूला ठेवून ह्या जगाच्या सुखदुःखाचा विचार करणारा ‘इहवादी’. होल्योकने 1851 च्या सुमारास इंग्लंडात प्रचारात आणलेल्या विचाराचे हे मराठी रूप. आणि 1990 साली दि. य. देशपांडे ह्यांनी नागपुराहून ‘आजचा सुधारक’ काढून, आगरकरांच्या 1888 च्या ‘सुधारका’चा वारसा सांगत ज्याचा पुरस्कार केला, तो ‘विवेकवाद’. ‘न’ किंवा ‘नि’ ने सुरू न होणारे, माणूस काय मानतो ते सांगणारे हे शब्द मला अधिक सन्मानाचे वाटतात.

‘धर्मनिरपेक्ष’ हे विशेषण मात्र मुख्यतः राज्यसंस्थेचे आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते उद्देशिकेत आले. हिंदी पाठात त्याच जागी ‘पंथनिरपेक्ष’ आहे. नित्य पूजा करणारा मामलेदारही धर्मनिरपेक्ष राज्याचा प्रामाणिक नोकर असू शकतो, आणि त्यासाठी त्याने घरातले देव्हारे हलवण्याचे कारण नाही.

वस्तूंच्या बाबतीत ही अडचण फारशी कधी आलीच नाही. देवस्थान इनाम आणि धर्मादाय ह्यांपासून वेगळे ओळखू येणारे मुलकी खाते, दिवाणी दावा, सरकारी जमीन हे फारसी वळणाचे शब्द, तसेच लौकिक, ऐहिक, प्रापंचिक हे संस्कृत शब्द, कोणाला न दुखवता शतकानुशतके चालत आले आहेत. शहाद्याच्या बाजारातील दुकान किंवा तळोद्याच्या तहसील कचेरीचे दफ्तर ह्यांना ‘नास्तिक’ म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. तो प्रमाद आपण माणसांपुरता राखून ठेवला आहे.

माणसांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. सरकारी छापखान्याने काही अर्जदारांना राजपत्रात ‘धर्म नाही’ अशी नोंद करून देण्यास नकार दिला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 23 सप्टेंबर 2014 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. अ. श. चांदूरकर ह्यांच्या खंडपीठाने, घटनेच्या 25 व्या अनुच्छेदातील सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि धर्म सांगण्याची सक्ती कोणतेही सरकारी खाते करू शकत नाही, असा निर्णय दिला. अर्जदारांची श्रद्धा येशू ख्रिस्तावर होती, तरी ख्रिस्ती वा कोणताही संघटित धर्म ते मानत नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. श्रद्धा असूनही धर्म नाही, अशा माणसाची नोंद न्यायालयाने मान्य केली.

जनगणनेच्या सूचनांतही प्रगणकाला असेच बजावलेले असते, की सहा मुख्य धर्मांसाठी अंक घालावेत, इतर कोणताही धर्म सांगितल्यास तो पुरा लिहावा, आणि सांगणाऱ्याशी वाद न घालता त्याने सांगितले तेच नोंदवावे. 2011 साली देशात 79 लाखांच्या वर लोक अशा ‘इतर’ गटात मोजले गेले, आणि 28 लाखांहून अधिक लोकांच्या नावापुढे धर्म लिहिलेलाच नव्हता. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून अक्राणीतल्या धडगावच्या पाड्यावर ज्याने ‘आमचा देव डोंगरात आहे’ असे सांगितले, त्याचे उत्तर रिकाम्या रकान्यात जाता कामा नये.