'झोपवून टाका' म्हणण्याआधी

मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक शहराच्या पोटातून जातो. त्या रस्त्यावर गाडीखाली सापडलेलं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू कुणी उचललं की पहिला सल्ला ठरलेला असतो : "हाल कशाला करता, झोपवून टाका." सल्ला देणाऱ्याचाही जीव तुटत असतो. पण मागचे पाय गेले म्हणजे जगणंच संपलं, हे खरं नाही.

आधी एक्स-रे काढा. पुष्कळदा मणका शाबूत असतो, कमरेचं हाड मोडलेलं असतं आणि काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती दिली की पिल्लू उठून चालू लागतं. मणक्यालाच मार असेल तर पशुवैद्य पायाचं बोट चिमट्यात जोरात दाबून पाहतात. इथे घरच्यांची फसगत होते. पाय आखडला की "संवेदना आहे" असं वाटतं. पण मेंदूला पत्ता न लागताही पाय आखडतो, ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. पिल्लानं मान वळवून पाहिलं, केकाटलं, चावायला आलं, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली असं समजायचं. ती पोचत असेल तर चालण्याची आशा बरीच. पोचत नसली तरी पिल्लू पुढच्या दोन पायांवर घर पालथं घालतं. वेदना आटोक्यात येतच नसेल तर दयामरण योग्यच; पण तो निर्णय पायांकडे बघून घेऊ नये.

"घरभर लघवी करेल" ही दुसरी भीती. खरी अडचण बहुतेक वेळा उलटी असते. लघवी बाहेर येतच नाही, मूत्राशय तुंबतं, भरून वाहिल्यावर थेंब गळतात आणि मग संसर्ग होतो. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पोट हलकेच दाबून लघवी काढावी लागते. पशुवैद्य हात धरून शिकवतात. चार-सहा दिवसांत बोटांना जागा सापडते. नोकरीच्या वेळा सांभाळून हे घरात कोण करणार, हे मात्र पिल्लू आणण्याआधी ठरायला हवं. माझ्या मते पैशांपेक्षा हाच प्रश्न मोठा. डायपर चोवीस तास बांधून ठेवलं तर कातडी सोलवटते. गादी मऊ हवी, कूस बदलत राहायला हवी. चाकांची गाडी मिळते, पण पिल्लू वाढतं, त्यामुळे माप बदलता येईल अशीच घ्या आणि दिवसभर त्यात अडकवून ठेवू नका.

डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या पिल्लांच्या वाट्याला वेगळाच गैरसमज येतो. त्यांचा एखादा पाय किंवा जबडा झोपेतही लयीत उडत राहतो, कधीकधी जन्मभर. शेजारी म्हणतात, "पिसाळलंय." रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं, महिनोन् महिने पाय उडवत खेळणाऱ्या पिल्लाला रेबीज नसतो. डिस्टेंपर माणसाला होत नाही. मात्र बरं झाल्यावरही काही काळ विषाणू बाहेर पडत राहतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुत्र्याची लस पूर्ण हवी. रेबीजची लसही चुकवायची नाही. ती तिसऱ्या महिन्यापासून देतात.

आणि खाणं. "आम्ही खातो तेच त्याला" हे आपल्या जिल्ह्यात फार महागात पडू शकतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. लघवी तुंबणाऱ्या पिल्लाला तर हा धोका मुळीच परवडणारा नाही. कांदा कच्चा असो वा शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे मिसळीचा रस्सा, भजी, फोडणीची भाजी सगळं बाद. अंग दुखत असेल म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची गोळी तर कधीच नाही.

"सोसायटी परवानगी देणार नाही" असं म्हणून गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत अनेक जण माघार घेतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की बहुमतानं ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. स्वच्छतेची जबाबदारी अर्थातच पाळणाऱ्याची.

एमआरआयची गरज पडली तर मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय 2024 पासून सुरू आहे. पण रोजची शुश्रूषा घरीच होते. त्यामुळे पिल्लू कायमचं घेण्याआधी ज्यांनी त्याला वाचवलं त्यांच्याकडे दोन-तीन दिवस जा, लघवी स्वतःच्या हातानं काढून पाहा, औषधांच्या वेळा आणि शेवटच्या लसीची तारीख लिहून घ्या.