फरधारी प्राण्यांची सापळ्याने पकड आणि तिचे शासकीय नियमन : अमेरिकेतील घटकराज्यांचा अनुभव

प्रस्तावना

वन्य प्राणी कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याच्या उत्तरावर एक संपूर्ण कायदेव्यवस्था उभी आहे. बीव्हर, मिंक, मस्करॅट, रकून, कोल्हा, बॉबकॅट इत्यादी प्राणी तेथे फरसाठी, म्हणजेच दाट केसांच्या मऊ कातड्यासाठी, सापळ्यात पकडले जातात. या पकडीचे नियमन मुख्यत्वे घटकराज्ये करतात. हे नियमन कोणत्या तत्त्वावर आधारलेले आहे आणि त्याची दिशा का बदलली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युरोपात टोप्यांसाठी बीव्हरच्या फरला मोठी मागणी होती. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी आणि १८०८ मध्ये जॉन जेकब ॲस्टर यांनी स्थापन केलेली अमेरिकन फर कंपनी याच व्यापारावर वाढल्या. अनिर्बंध पकडीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बीव्हर अनेक राज्यांतून जवळजवळ नाहीसा झाला.

१८९६ मध्ये गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले, की वन्य प्राणी ही जनतेची सामायिक संपत्ती असून राज्य तिचे विश्वस्त आहे. १९७९ मध्ये ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा या खटल्यात राज्याच्या मालकीची कल्पना त्याच न्यायालयाने अमान्य केली. तथापि वन्यजीवांच्या रक्षणासाठी नियम करण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला.

नियमनाची साधने

तपशील राज्यागणिक वेगळे असले तरी चौकट साधारणपणे सारखी आहे. सापळा लावण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. फर दाट असण्याच्या थंडीच्या दिवसांतच बहुधा पकडीचा हंगाम असतो. सापळा ठरावीक मुदतीत तपासण्याचे बंधन असते. बॉबकॅटची कातडी निर्यात करताना संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तिच्यावर खूणचिठ्ठी असावी लागते. या नियमांचा मुख्य रोख प्राण्यांची संख्या टिकवण्याकडे आहे.

संख्येकडून साधनाकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस वादाचा केंद्रबिंदू बदलला. पाय पकडणाऱ्या पोलादी जबड्याच्या सापळ्यात प्राणी जिवंतपणी तासन्‌तास अडकून राहतो, ही बाब जनमतास खटकू लागली. कोलोरॅडो व मॅसॅच्युसेट्स (१९९६), कॅलिफोर्निया (१९९८) आणि वॉशिंग्टन (२०००) या राज्यांतील मतदारांनी सार्वमताद्वारे अशा सापळ्यांवर कडक निर्बंध आणले.

परंतु सरसकट बंदीच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये बीव्हरच्या बांधांमुळे विहिरी, रस्ते व सांडपाण्याच्या टाक्या पाण्याखाली जाण्याच्या तक्रारी वाढल्या. २००० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्थानिक आरोग्य मंडळांना आपत्कालीन परवानगी देण्याचा अधिकार द्यावा लागला. कॅलिफोर्नियातील प्रसंग अधिक बोलका आहे. तेथील बंदीला नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी या पक्षिसंरक्षक संस्थेनेच न्यायालयात आव्हान दिले. कारण संकटग्रस्त पक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्राण्यांना आवर घालण्यासाठी हेच सापळे वापरले जात होते. २००२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की संकटग्रस्त प्रजातींच्या रक्षणासाठी संघीय यंत्रणांनी केलेल्या वापरास राज्याची बंदी लागू होणार नाही.

साधनाकडून हेतूकडे

सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने फरच्या व्यापारासाठी किंवा मनोरंजनासाठी सापळे लावण्यास पूर्ण बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. शेती वा मालमत्तेस उपद्रव देणाऱ्या प्राण्यांच्या बंदोबस्ताची वाट मात्र नियमांच्या चौकटीत खुली ठेवण्यात आली. या चर्चेत आर्थिक मुद्दाही निर्णायक होता. परवाना शुल्कातून नियमनाचा खर्च भागला पाहिजे, असे राज्याच्या कायद्याचे बंधन असताना प्रत्यक्षात तो भागत नव्हता. म्हणजेच मूठभरांच्या व्यवसायाचा भार सामान्य जनता वाहत होती. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोने निराळा मार्ग स्वीकारून सार्वजनिक जमिनीवरील सापळ्यांवर, काही अपवाद वगळता, बंदी घातली.

भारतात हाच भेद हेतूच्या पातळीवर अधिक ठळक झालेला दिसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत सापळा व फास यांचा समावेश आहे. कलम ९ अन्वये अनुसूचित प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे, तर मानवी जीवितास धोका निर्माण झाल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांना परवानगी देता येते.

निष्कर्ष

अमेरिकेतील राज्यांनी प्रथम किती प्राणी पकडावेत हे ठरवले, नंतर कोणत्या साधनाने पकडावेत हे ठरवले आणि अलीकडे कशासाठी पकडावेत, या प्रश्नाला हात घातला. केवळ साधनावरील बंदी मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांना आणि कॅलिफोर्नियात पक्ष्यांनाही अडचणीची ठरली. हेतूवर आधारित नियमनात खाजगी नफा आणि सार्वजनिक गरज यांत फरक करता येतो. मात्र उपद्रवाच्या नावाखाली जुनाच व्यवसाय चालू राहू नये, यासाठी प्रत्येक परवानगीमागील कारणाची तपासणी अपरिहार्य आहे. राज्य विश्वस्त असेल, तर त्याने परवानाधारकांइतकाच हिशेब उर्वरित जनतेलाही दिला पाहिजे.