दोन घास, पण पक्का हिशेब

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, ‘आता काय काय बंद?’ खरं तर यादीपेक्षा महत्त्वाचा असतो क्रम: आधी काय खायचं, मग काय, आणि पाणी कधी प्यायचं.

पोट उरतं केवढं?
स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. बायपासमध्ये वरच्या बाजूला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करतात, म्हणजे दोन मोठे चमचे भरले की पोट भरलं!

भूकही आटते
भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक लागली म्हणून नाही, घड्याळात वेळ झाली म्हणून जेवायचं.

वरणाच्या पाण्यापासून श्रीगणेशा
आधी गाळलेलं वरणाचं पाणी, मग पातळ ताक आणि मुगाचं कढण, पुढे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ शिजवलेलं. नेहमीच्या जेवणापर्यंत पोचायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. कुठली पायरी कधी चढायची, ते आहारतज्ज्ञ ठरवणार.

भात शेवटी!
दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात मिळतात सहा. नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर दिवसाला किमान दहा लागतील! म्हणून पानात आधी पिठलं, घट्ट वरण, पनीर किंवा वाफवलेला मासा, मग भाजी. भात-भाकरीचा नंबर जागा उरली तरच.

टांगलेल्या दह्याची करामत
दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी निथळतं आणि प्रथिनं घट्ट होतात. त्या चक्क्यात साखरेऐवजी मीठ, भरडलेलं जिरं आणि मिरपूड घाला. तीन-चार चमच्यांत नाश्ता उरकतो.

घास वेगळा, घोट वेगळा
जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. दिवसभर मात्र घोट-घोट करून दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवं. सोडा आणि कोल्ड्रिंकला रामराम, वायूने पोट तडतडतं.

पोळी अडते, चिवडा सटकतो
मऊसूत ताज्या पोळीचा चिकट गोळा होऊन ती अडकू शकते. डाळीत कुस्करलेली भाकरी बऱ्याच जणांना जास्त मानवते. खरा लबाड चिवडा आणि चहात बुडवलेलं बिस्कीट! दोन्ही पोट न भरताच खाली उतरतात आणि वजन गुपचूप परत येतं.

गोडाचा दणका
विशेषतः बायपासनंतर जिलेबी किंवा श्रीखंड खाल्लं की साखर झपाट्याने आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, मळमळ, पोटात मुरडा. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा झटका बसतो: रक्तातली साखर एकदम खाली येते आणि हातपाय थरथरतात.

दुप्पट खाशी नको
उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. मुळात पोट एवढंसं असताना उपवास करायचा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिलाच, तर खिचडीऐवजी दूध, दही, पनीर.

गोळ्यांचं सोवळं
लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, म्हणून दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. बी-12 चं शोषण कमी होतं आणि शाकाहाऱ्यांच्या ताटात ते आधीच तुटपुंजं. म्हणून पूरक गोळ्या किंवा इंजेक्शनं जन्मभर, आणि रक्ततपासणीही नेमाने.

उचकी आली? थांबा!
पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंक येते. खूण पटली की हातातला घासही खाली ठेवायचा.

यजमानांसाठी सूचना
असा पाहुणा पंगतीत बसला तर ‘आमच्यासाठी एकच’ हे पालुपद आवरा. आग्रह करायचाच असेल तर ताज्या ताकाचा करा. तोही पान उचलल्यावर, अर्ध्या तासाने!