माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

पृथ्वीवरील निसर्गाचे मोठे विभाग मुख्यतः पाऊस व उष्णता यांच्या प्रमाणावरून ठरतात. विषुववृत्तालगत बारमाही पाऊस, म्हणून तेथे सदाहरित अरण्ये. उत्तरेच्या थंड प्रदेशात सूचिपर्णी वृक्ष. अरण्यास अपुरा, परंतु वाळवंटापेक्षा अधिक पाऊस जेथे पडतो, तेथे गवताचे राज्य असते. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी, कझाकस्तानातील स्टेप व आफ्रिकेतील सॅव्हाना ही त्याची उदाहरणे होत.

गवताचे सामर्थ्य जमिनीखाली असते. त्याचा वाढीचा डोळा जमिनीलगत असल्यामुळे चरल्यावरही ते पुन्हा फुटते. दाट तंतुमुळे मातीस धरून ठेवतात व कुजून तिला कस देतात.

हे आच्छादन मोडल्याचे फळ अमेरिकेने भोगले. प्रेअरीच्या कोरड्या भागात गव्हासाठी लक्षावधी एकर कुरण नांगरले गेले. १९३० नंतर अवर्षण पडताच उघडी माती वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला. त्याच महिन्यात तेथे मृद्‌संधारणाचा कायदा झाला.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सोलापूर, अहिल्यानगर व पूर्व पुणे भागांतील माळराने याच कुळातील होत. उथळ, मुरमाड जमिनीत पवना, मारवेल, कुसळी ही गवते वाढतात; त्यांच्या आश्रयाने काळवीट, लांडगा व खोकड राहतात. टोळ व भुंगेरे खाणारा माळढोक जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तरीही आज तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

अशा माळास 'पडीक' म्हणून नांगर लावणे किंवा सरसकट झाडांचे खड्डे घेणे हितावह नाही. झाडे बांधावर व ओढ्याकाठी लावावीत. गायरानाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. दरवर्षी एक भाग पावसाळाभर, बी गळून पडेपर्यंत, बंद ठेवावा. गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळवावे. पक्व झाल्यावर त्यातील सत्त्व घटते. कुसळी तर कुसळे धरण्यापूर्वीच कापावी, कारण ती मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात. कापताना चार बोटे खुंट राखावा. माळ पेटवू नये.

ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेपुढे अवश्य मांडावा. उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागते, तेव्हा माळाचे मोल कळते. परंतु ते राखण्याची वेळ पावसाळ्यातच असते.