‘डावे’ म्हणजे कोण?

‘डावा’ या शब्दाचे दैव मराठीत मुळातच फुटके. प्रसाद घ्यावयाचा तो उजव्या हाताने. मुलीचे लग्न झाले म्हणजे ती ‘उजवली’. आणि लायक माणसाला बाजूला सारले म्हणजे त्याला ‘डावलले’. अशा भाषेत काही पक्षांनी हे नाव आनंदाने कसे पत्करले, असा प्रश्न श्रोत्यांना पडल्यास नवल नाही.

नाव मुळी आपल्याकडचे नव्हेच. 1789 साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचा अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसू लागले व तो कमी करू पाहणारे डावीकडे. शब्द प्रथम जागेचा होता. विचाराचा तो मागाहून झाला. (आपल्या लोकसभेत विरोधक, मग ते कोणत्याही विचाराचे असोत, सभापतींच्या डावीकडेच बसतात, ही गंमत निराळी.)

पण जालन्याच्या मोंढ्यातला हमाल ‘डावे’ म्हणणार नाही. तो ‘लाल बावटेवाले’ म्हणेल. मुंबईच्या गिरणी कामगारांची लाल बावट्याची युनियन 1928 ची. बावटा तेव्हापासून मराठीत रुळला. हाकेवरून तर पक्षच ओळखावा: समाजवाद्यांत ‘साथी’, शेतकरी कामगार पक्षात ‘भाई’, कम्युनिस्टांत ‘कॉम्रेड’. या शेवटच्या शब्दाचे मूळ स्पॅनिश असून अर्थ आहे एका खोलीत राहणारा सोबती. 1956 साली संयुक्त महाराष्ट्र समितीत हे तिघेही एका व्यासपीठावर आले. पुढे 1964 साली कॉम्रेडांनी आपल्या खोलीतच भिंत घातली.

आमच्या भागात मात्र हा शब्द थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात. तेलंगणात 1946 ते 1951 सशस्त्र लढा झाला आणि राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. 1952 च्या निवडणुकीस त्याची माणसे ‘पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट’ या नावाने उभी राहिली. माणसे तीच, पाटीवरचा शब्द तेवढा उतरवावा लागला.

बंदी गेली, पण शब्दाचा तो धाक काही लोकांना अजून सोयीचा वाटतो. मोंढ्यात एखाद्या शेतकऱ्याने मापात तूट किती धरली, असे विचारावे, की कोणी तरी म्हणतेच, “हा लाल बावट्याचा दिसतो.” तो माळकरी असेल, आयुष्यभर काँग्रेसला मत देत आला असेल. आजूबाजूचे हसतात, तो ओशाळतो, पोती उचलली जातात; आणि तूट किती धरली, हे कोणी सांगत नाही.